दादा-ताईंचा प्रकल्प संपतो, मूल वर्गातच असतं



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत पाहुणे सुरू होतात. डीएलएडची छात्राध्यापक मंडळी येतात, समाजकार्याची येतात, नर्सिंगची येतात. गेल्या काही वर्षांत यात दोन नव्या मंडळींची भर पडली आहे. एक म्हणजे व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी शिकणारी मुलं-मुली. दुसरी, कमी संख्येनं का होईना, संगीतोपचाराचा अभ्यासक्रम करणारी. कॉलेजचं पत्र मुख्याध्यापकांकडे येतं आणि आपल्याला निरोप मिळतो, "मॅडम, तुमचा दुसरीचा वर्ग पंधरा दिवस यांना द्या."

वर्ग द्यावा, अगदी आनंदानं द्यावा असंच माझं मत आहे. पण पंधरा दिवसांनी ती मुलं निघून गेल्यावर ज्या मुलावर प्रकल्प झाला त्याच्या रोजच्या दिवसात काहीच बदललेलं नसेल, आणि वर्गशिक्षकाच्या हातात एक कागदही राहणार नसेल, तर असा प्रकल्प शाळेनं घेऊ नये. हे जरा कडक वाटेल. पण का म्हणते ते सांगते.

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. पालकसभेत एका बाबांनी मला सरळ विचारलं होतं, "व्यवसायोपचार म्हणजे माझ्या पोराला आत्तापासून धंद्याला लावणार का?" सगळे हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. इथे व्यवसाय म्हणजे नोकरी-धंदा नाही. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं म्हणजे व्यवसाय. अर्धांगवायूतून उठलेल्या आजोबांना स्वतःच्या हातानं जेवता येणं, आजीला साडी नेसता येणं. मग सात वर्षांच्या मुलाचा व्यवसाय कोणता? खेळणं, डबा उघडणं, बुटाची नाडी बांधणं, दप्तर भरणं, फळ्यावरचं वहीत उतरवणं. म्हणजे जवळपास सगळा आपल्या वर्गातच चालतो!

ही विद्याशाखा आपल्याकडे नवी नाही. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी तिचं शिक्षण सुरू केलं. या बाई जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांमध्ये भारत होता. एवढी जुनी गोष्ट असून आपल्या डीएडच्या दोन वर्षांत हा शब्द माझ्या कानावर पडल्याचं आठवत नाही. असो.

आता चांगला प्रकल्प कसा असतो ते सांगते, कारण मी पाहिला आहे. शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली होती. पहिले दोन दिवस ती मागच्या भिंतीला टेकून नुसती बसली. ना खेळ, ना गाणी, ना चार्ट. मुलं तिला विसरूनही गेली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या वर्गात निम्म्या मुलांचे पाय जमिनीला टेकत नाहीत." आमची बाकं मोठ्या वर्गातून उतरत उतरत दुसरीला आलेली. पाय लटकत असले की लहान मूल सतत स्वतःला सावरत बसतं, कोपरावर भार देतं, बाकावर आडवं होतं. आपण म्हणतो, "नीट बस, कणा नाही का तुला?" तिनं शाळेमागच्या बांधकामातल्या विटा मागून घेतल्या, जुन्या गोणपाटात गुंडाळल्या आणि पायांखाली ठेवल्या. खर्च शून्य.

मग तिनं एकच मुलगा निवडला. तो लिहिताना दर दोन ओळींनी हात झटकायचा आणि मग लिहायचंच सोडून द्यायचा. आठवडाभर तिनं काहीही शिकवलं नाही, फक्त रोज दहा मिनिटांत तो किती शब्द उतरवतो आणि किती वेळा थांबतो ते मोजलं. त्यानंतर उपाय सुरू केले. मोठे खडू मोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, कारण तेवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. कागद बाकावर न ठेवता भिंतीला चिकटवला, म्हणजे मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदाही कामाला लागतो. घरी आईला सांगितलं की मटार सोलायला, कणकेचे गोळे करायला, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायला याला बसव. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलं. शब्द वाढले, पण फार नाहीत. हात झटकणं मात्र जवळजवळ थांबलं. तिनं निष्कर्षात नेमकं तेवढंच लिहिलं. जाताना मला मराठीत एक पान लिहून दिलं: काय केलं, काय चालू ठेवायचं, काय सोडून द्यायचं. ते पान अजून माझ्या टाचणवहीत आहे आणि त्यातली मोडक्या खडूंची युक्ती मी दरवर्षी वापरते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्याच शाळेतल्या एका मुलाला, त्याला सोन्या म्हणू, सलग तीन वर्षं तीन वेगवेगळ्या तुकड्यांनी तपासलं. तीच मण्यांची माळ, तेच ठोकळे, तोच पेन्सिलचा चक्रव्यूह. दर वर्षी फोटो निघाले, फाइल बांधली गेली, कॉलेजात सादरीकरण झालं. आम्ही अहवाल मागितला तर उत्तर आलं की तो सबमिट झालाय. तिसऱ्या वर्षी नवीन ताई दिसताच सोन्यानं न सांगता मण्यांचा डबा पुढे ओढला. त्याला तपासणी पाठ झाली होती! आणि जी अडचण होती ती तशीच: फळ्यावरची एक ओळ वाचून वहीकडे मान वळवली की तो जागा हरवायचा. त्याला मिळायला हवी होती फळ्याजवळची जागा आणि ओळीखाली धरायला एक पट्टी. शेवटी ती आम्ही दिलीच, पण तीन प्रकल्पांपैकी एकाही कागदात आमच्यापर्यंत ती सूचना आली नाही.

यात त्या विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं ती, गुणांसाठी धावणारी. मार्गदर्शकांनी नमुना म्हणून जो प्रबंध हातात दिला त्याच साच्यात ती लिहितात. पण शाळा म्हणून आपण साचा बदलायला सांगू शकतो. वर्ग आपला आहे.

आता एक विषय असा, ज्यावर प्रकल्प व्हावेत म्हणून मी प्रत्येक तुकडीच्या मागे लागते. तो म्हणजे आपली देवनागरी. ही मंडळी हस्ताक्षराच्या ज्या चाचण्या घेऊन येतात त्या बहुतेक इंग्रजी अक्षरांसाठी बनलेल्या असतात. अक्षर रेघेवर बसलं का, दोन अक्षरांत अंतर किती, असं त्यात पाहतात. मराठी लिहिणाऱ्या मुलाचा हात वेगळंच गणित सोडवत असतो. अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार, पुढे काना. ह्रस्व वेलांटीत तर कानाला आधी 'क' ऐकू येतो आणि हाताला आधी वेलांटी काढायची असते. 'र' कधी डोक्यावर चढतो, कधी पोटात शिरतो, कधी पायाशी येतो. या सगळ्यावर शिरोरेषा! काही मुलं प्रत्येक अक्षरावर रेघ देतात, काही पूर्ण शब्द झाल्यावर. ज्याचा हात लवकर दमतो त्याला यातली कुठली पद्धत सोपी जाते? दुरेघी वही बरी की चाररेघी? काही दिवस शिरोरेषेशिवाय लिहू दिलं तर शब्द वाढतात का, आणि नंतर शिरोरेषा परत आणताना त्रास होतो का? हे प्रश्न दुसऱ्या देशातली चाचणी सोडवणार नाही. पहिली-दुसरीच्या आपल्या वह्या उघडून बसलं तर एका विद्यार्थ्याला पुरेल एवढं साहित्य एका शनिवारी मिळेल. आणि शिक्षकाइतकी या वह्यांची ओळख कोणाला आहे?

मोजमापाबद्दल एक युक्ती सांगते, ती त्या चांगल्या विद्यार्थिनीकडूनच मला मिळाली. किरेसुक आणि शर्मन या दोघांनी 1968 साली अमेरिकेत ही पद्धत मांडली. ध्येयाच्या पाच पायऱ्या करायच्या आणि त्यांना उणे 2 ते अधिक 2 असे आकडे द्यायचे. डब्याचं उदाहरण घेऊ. मूल आज डबा बाईंकडे आणून देतं, ही उणे 2. झाकण थोडं सैल करून दिल्यावर उघडतं, ही उणे 1. आठवड्यातून तीन दिवस स्वतः उघडतं, हे आपण ठरवलेलं ध्येय, म्हणजे 0. रोज उघडतं, अधिक 1. शेजारच्या मित्राचाही उघडून देतं, अधिक 2. बस्स, झालं. यात मुलाची तुलना दुसऱ्या कोणाशी होत नाही, आईला लगेच कळतं, आणि महिन्यानं नेमकं काय बदललं ते दिसतं. 'मुलाच्या सूक्ष्म कारक कौशल्यात लक्षणीय वाढ झाली' या वाक्यापेक्षा मला ही डब्याची शिडी जास्त विश्वासाची वाटते.

आता संगीतोपचाराकडे वळू. इथे मला जास्त काळजी वाटते, कारण इथे भुलायला सोपं आहे.

व्हॉट्सॲपवर तक्ते फिरतात ते तुम्हीही पाहिले असतील. रक्तदाबाला हा राग, मधुमेहाला तो राग, स्मरणशक्तीला तिसराच. एका तुकडीनं याच धर्तीवर आमच्याकडे प्रकल्प केला. रोज खेळाच्या तासाला अख्ख्या वर्गाला डोळे मिटून बसवलं, स्पीकरवर बासरी लावली आणि दहाव्या दिवशी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद वाटला: 'तुला कसं वाटलं?' समोर ताई उभी, हातात चॉकलेटचा डबा. मुलं कुठल्या चेहऱ्यावर खूण करतील ते सांगायला नको. निष्कर्ष निघाला, एकाग्रता वाढली. खेळाचा तास दहा दिवस बुडाला याचा उल्लेख नव्हता. बासरी सुंदर होती हो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रेकॉर्ड लावणं म्हणजे संगीतोपचार नव्हे.

मग काय असतो? 1959 साली इंग्लंडमधल्या सनफिल्ड या विशेष मुलांच्या निवासी संस्थेत पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा तिथला शिक्षक एकत्र आले. जोडीतला एक शिक्षक होता, हे मला फार आवडतं. त्यांची पद्धत अशी की वादकानं मुलाच्या मागे जायचं. मुलानं ढोलावर वेडीवाकडी थाप मारली तर संगीत त्या थापेभोवती उभं करायचं. मूल थांबलं की संगीत थांबणार, मूल जोरात तर तेही जोरात. 'माझ्यामुळे काहीतरी होतंय, कोणीतरी मला ऐकतंय' हे मुलाला शब्दांशिवाय कळतं, आणि तिथून देवाणघेवाण सुरू होते. आपल्या वर्गात कंपासपेटी बडवणारं मूल असतंच. आपण त्याला गप्प बसवतो. शिकाऊ संगीतोपचारकानं खंजिरी घेऊन त्याच्याशेजारी बसावं, त्याची थाप उचलावी, मध्येच थांबून त्याची वाट पाहावी. वीस मिनिटांत किती वेळा मुलानं स्वतःहून सुरुवात केली, किती वेळा समोरच्याकडे पाहिलं, एवढं मोजावं. हा झाला प्रकल्प.

यातूनही काय होतं आणि काय होत नाही, हे पालकांना प्रामाणिकपणे सांगावं. 2017 साली नऊ देशांतल्या 364 स्वमग्न मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिने संगीतोपचार देऊनही, नेहमीचे उपचार आणि मार्गदर्शन घेणाऱ्या मुलांच्या तुलनेत स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. पुढे 2022 मध्ये 26 अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा एकूण सुधारणेची शक्यता वाढत असल्याचं चित्र आलं. म्हणजे गोष्ट सरळसोट नाही. 'संगीतानं ऑटिझम बरा होतो' असं कोणी म्हणालं, मग तो विद्यार्थी असो की मोठं नाव, तर पैसे भरण्याआधी थांबा. आणि 'काही उपयोग नाही' असं म्हणणाऱ्याचंही लगेच ऐकू नका.

माझ्या मते हे दोन्ही उपचार जिथे एकत्र येऊ शकतात ती जागा आपल्या शाळेच्या पटांगणावरच आहे: लेझीम! एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ, दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करायचं, कमरेत वाकायचं, पाय टाकायचा, आणि हे सगळं ढोलाच्या ठेक्यावर. हाताची पकड, दोन्ही हातांचा मेळ, तोल, ऐकून हलणं, सगळं यात आलं. मायकेल थाउट यांनी 1990 च्या दशकात अर्धांगवायू आणि पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेल्या कामातून दिसलं की ठरावीक ठेका ऐकवला तर पावलं सुधारतात, कारण पुढचं पाऊल कधी पडायचं याचा अंदाज शरीराला आधीच मिळतो. ते मोठ्यांच्या चालण्याबद्दल आहे. आपल्या मुलांच्या लेझमीला ते कितपत लागू पडतं, हे तपासण्याजोगं आहे.

पण आपण काय करतो? 26 जानेवारीच्या कवायतीची निवड करताना ज्याचा पाय चुकतो, ज्याची लेझीम खाली पडते, त्याला बाजूला काढतो. "तू खुर्च्या मांडायला मदत कर हं." ज्याला या कामाची सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर. एखाद्या शिकाऊ थेरपिस्टनं डिसेंबरपासून असं एक मूल घ्यावं, ठेका अर्ध्या गतीनं वाजवावा, आधी नुसते पाय, मग नुसते हात, मग आठ मोजण्यांपुरतं दोन्ही. ध्येय एवढंच की प्रजासत्ताक दिनाला पहिल्या आठ मोजण्या ते मूल ओळीत उभं राहून करेल. तो अहवाल मी आवडीनं वाचेन. ते मूल ओळीत दिसलं तर त्याच्या आईला अहवाल वाचायची गरजही पडणार नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी. प्रकल्पासाठी तुमची लेखी संमती घ्यायलाच हवी, आणि तो कागद तुम्हाला समजेल अशा मराठीत हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 7 ते 12 वर्षांच्या मुलाचाही तोंडी होकार घ्यायचा असतो. म्हणजे दुसरी-तिसरीतलं मूल 'मला नाही करायचं' म्हणालं तर तो हट्ट नाही, त्याचा हक्क आहे. फोटो कुठे जाणार, हेही विचारा. दुसरी गोष्ट, विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल म्हणजे निदान नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही येतात. पण प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयाकडूनच मिळतं. प्रकल्पवाल्या ताईनं काही लिहिलं म्हणून घाबरून जाऊ नका, आणि तिनं काही लिहिलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. शंका असेल तर आपल्या केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा.

आणि आपण शिक्षकांनी काय द्यायचं? प्रकल्पवाले आले की हुश्श म्हणून ऑनलाइन माहिती भरायला ऑफिसात जायचं, ही सवय मोडायला हवी. मला माहीत आहे, माहिती आजच मागितलेली असते, ती पण दुपारी दोनच्या आत. तरीही पहिल्या दिवशी अर्धा तास त्यांच्याबरोबर बसून आपल्या मनातल्या तीन मुलांची नावं आणि प्रत्येकाची एकच अडचण सांगावी. आधीच्या तुकडीचा कागद दाखवावा, म्हणजे चौथ्यांदा मण्यांची माळ होणार नाही. शेवटच्या दिवशी मराठीत एक पान हातात घेतल्याशिवाय उपस्थितीच्या पत्रावर सही-शिक्का देऊ नये. आमच्या मुख्याध्यापकांना हे पटलं आहे. यंदापासून कॉलेजच्या पत्राला उत्तर देतानाच आम्ही ही अट लिहून पाठवतो, आणि ते पान वर्गशिक्षक बदलला तरी मुलाच्या संचिकेबरोबर पुढच्या इयत्तेत जातं.

तुमच्या शाळेत असे प्रकल्प होत असतील तर कुठल्या मुलाला नेमका काय उपयोग झाला ते जरूर कळवा. देवनागरीच्या शिरोरेषेवर कोणी काम केलं असेल तर त्यांच्याशी मला बोलायचंच आहे.